कानाशी मोडलेलं हळकुंड

"तुमी बोला भाऊ, मी ऐकून राहिलो."

हे तो कुणालाही म्हणायचा, आणि म्हणताना डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून मान जराशी कलती करायचा. एवढंच. पुढचा माणूस मग पाघळलाच म्हणून समजा. कंडक्टर रजेचं रडगाणं गायचे, म्हाताऱ्या सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या, आणि हा आपला कानाची पाळी धरून उभा. लोक म्हणायचे, किती गरीब स्वभावाचा माणूस! मी म्हणायचो, गरीब कसला, बेरकी आहे लेकाचा. ऐकतोय कुठं, भरून घेतोय. हे मी तेव्हा जळून म्हणायचो आणि आजही जळूनच सांगतोय. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला नावं ठेवायला जावं तर जीभ अडते आणि चांगलं म्हणायला जावं तर पोटात दुखतं. माझ्या वाट्याला आलेला हिंगोलीच्या बसस्टँडवर होता.

तिथं तो कंट्रोलर. गाड्यांच्या वेळा लावायचा आणि कर्ण्यावरून पुकारायचा. औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत. सगळं गाव त्याला कंट्रोलरच म्हणायचं, मीही इथं तेवढंच म्हणतो. त्याचा आवाज मोठा नव्हता. सिद्धेश्वरला जाणारी गाडी लागली हे तो असं सांगायचा, जसं काही ती तुमच्या एकट्यासाठीच काढली आहे. 

मी मोंढ्यात, शेतमालाच्या बाजारात. एका अडत दुकानाचा मुनीम, आणि हळदीची हर्राशी पुकारायचं काम माझं. म्हणजे असं, की हळदीच्या ढिगाभोवती खरेदीदार जमतात आणि पुकारणारा भाव चढवत नेतो. बोली अडली की मी ढिगातलं एक हळकुंड उचलायचो, एक डोळा मिटून कानाशी न्यायचो आणि कट्टकन मोडायचो. नीट वाळलेलं हळकुंड खणखणीत मोडतं, ओल राहिली असली तर नुसतं पिचतं. मोडून झालं की पिवळा अंगठा मागं विजारीला पुसायचा. हळकुंडं सगळेच मोडतात, पण कानाशी नेऊन मोडणारा मोंढ्यात मी एकटा. बायको म्हणायची, एक विजार धड ठेवली न्हाई या माणसानं.

आमचं एक हौशी नाटकमंडळ होतं. दसऱ्याच्या दिवसांत आम्ही नाटक करायचो. शाळेतले एक मास्तर ते बसवायचे, त्यांना सगळे गुरुजी म्हणत. मंडळाचा हिरो मी. दुसरं कोण असणार? उंची माझी, मिशी माझी, आणि कर्णा बंद पडला तरी शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाजही माझा. कंट्रोलरला गुरुजींनी आणलं ते बसस्टँडवर त्याचं पुकारणं ऐकून. पहिल्या नाटकात त्याला राखणदार केलं. हातात कंदील घेऊन उभं राहायचं आणि शेवटी "व्हय मालक" म्हणायचं. बस्स.

त्या नाटकात माझं लांबलचक भाषण होतं. पोराला घराबाहेर काढणारा बाप. मी जीव ओतून बोलत होतो. घसा फाटला, कपाळावरनं घाम गळायला लागला, आणि अर्ध्यात माझ्या ध्यानात आलं की पुढं बसलेल्या बाया माझ्याकडं बघतच नाहीत. त्या बघतात कंदिलाकडं. वळून बघितलं तर हा राखणदार काहीच करत नव्हता. ऐकत होता. माझं एकेक वाक्य त्याच्या तोंडावर उतरत होतं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्याला लावला तो त्याला बघून, आणि बोलून बोलून मेलो मी!

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींकडं गेलो. म्हणालो, त्याला विंगेत उभा करा, तिथूनच "व्हय मालक" म्हणू द्या. गुरुजी चष्मा पुसत म्हणाले, "अरे, त्याला विंगेत घातला तर तुझं भाषण ऐकणार कोण?"

मला तेव्हा ते बोलणं समजलं नाही. समजलं असतं तरी आवडलं नसतं.

पुढं परभणीला रेडिओसाठी आवाजाची चाचणी निघाली. गुरुजींनी आम्हा दोघांना पाठवलं. एकाच गाडीनं गेलो. तिकीट काढताना कंडक्टरनं त्याला रामराम केला आणि मला सरकून बसा म्हणाला. चाचणी पहिली माझी. काचेपलीकडं एक गृहस्थ बसलेले. मी माइकसमोर उभा राहिलो आणि मोंढ्यात लावतो तसा आवाज लावला. गृहस्थांनी कानावरचं काढून ठेवलं आणि खुणेनं सांगितलं, जरा मागं व्हा. झालो. आणखी मागं. झालो. आणखी. शेवटी माझी पाठ दाराला लागली. ते म्हणाले, छान, आता पुढच्याला पाठवा. मग कंट्रोलर आत गेला आणि त्यानं तो कागद असा वाचला जसा औंढ्याची गाडी पुकारतो. त्याला घेतलं.

शेतकऱ्यांसाठी रेडिओवर एक संवादाचा कार्यक्रम असायचा. त्यात त्याला गावातल्या जाणत्या काकांचं काम मिळालं. आता बघा, या माणसाला शेत नाही, गोठा नाही, बाप रेल्वेत सांधेवाला. हळद लावतात की पेरतात हे त्याला मी सांगितलेलं. आणि हा रेडिओवर सांगणार, हळदीला माती कधी लावायची! बरं, आमच्याकडची माणसं इतकी भोळी की रेडिओत बोललेलं खरंच मानायची. सिद्धेश्वरकडची, औंढ्याकडची शेतकरी माणसं कंदकुजीनं सडलेले हळदीचे गड्डे फडक्यात बांधून बसस्टँडवर यायला लागली. काका, हे बघा काय झालंय. हा काय करायचा, कानाची पाळी धरून सगळं ऐकून घ्यायचा आणि म्हणायचा, हळदीचं मोंढ्यातल्या भाऊंना विचारा, मला जे ठावं हाय ते त्यांनीच सांगितलेलं हाय. मग ती माणसं फडकं घेऊन माझ्याकडं. "रेडिओच्या काकांनी पाठवलंय." म्हणजे अक्कल माझी, नाव त्याचं, आणि सडके गड्डे माझ्या टेबलावर.

घरीही सुख नव्हतं. संध्याकाळी कार्यक्रम लागला की आमची बायको भाकरी थापायची थांबायची. तव्यावरची करपली तरी चालेल, पण काकांचं बोलणं चुकायला नको. मला म्हणायची, "ऐका की जरा, कसं समजावून सांगून राहिले. तुमी मीठ मागितलं तरी हर्राशी पुकारल्यावानी वाटतंय." मी म्हणायचो, अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालाय तुझा काका. म्हणायचो आणि तिथंच बसून, चपलेचा अंगठा शिवत असल्यासारखं करून, शेवटपर्यंत ऐकायचो. वाईट गोष्ट ही होती की तो चांगला बोलायचा. वाईट बोलला असता तर मी त्याला जीव लावला असता.

मग सिनेमावाले औंढ्याला आले. नागनाथाच्या देवळाजवळ त्यांना काही चित्रण करायचं होतं आणि आसपासची माणसं हवी होती. मी नवं जाकीट घातलं, मिशीला कलप लावला आणि पहिल्या गाडीनं गेलो. कंट्रोलर आपल्या खाकी कपड्यातच आला, कामाच्या गडबडीतून. दिग्दर्शक म्हणजे पुण्याकडचा तरणा पोरगा. त्यानं मला बाजारातल्या गर्दीत उभं केलं. कॅमेरा फिरला आणि मी भाव केला, मान हलवली, डोळे मोठे केले. तो आला आणि म्हणाला, "काका, तुम्ही काहीच करू नका." आता सांगा, आयुष्यभर काही ना काही केलेल्या माणसानं काहीच कसं करू नये? मी प्रयत्न केला. जमलं नाही. कंट्रोलर तिकडं झाडाखाली कुणा म्हातारीचं ऐकत उभा होता. दिग्दर्शकानं त्याच्याकडं बघितलं, बघतच राहिला, आणि त्याला बोलायचं काम दिलं.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही नांदेडला जाऊन बघितला. कंट्रोलर त्यात भरपूर होता. बाजाराच्या प्रसंगात एका कडेला जाकिटाचं टोक आणि एक कोपर दिसतं, ते माझं. बायकोनं अंधारात माझा हात दाबला. म्हणाली, "तुमचंच हाय ते, मी वळखलं." आजही कुणी विचारलं तर मी सांगतो, सिनेमात आहे मी.

त्यानंतर त्याला कामं मिळत गेली. मालिका, जाहिराती, आणखी सिनेमे. नोकरी संपल्यावर तर तो पुण्याला जाऊन-येऊन असायचा. गावानं त्याचा सत्कार ठेवला. मला पहिल्या रांगेतली खुर्ची, जुना सहकारी म्हणून. मी काय सांगू तुम्हाला त्या संध्याकाळचं? शाल, नारळ, फेटा. जो उठेल तो म्हणतोय, आमच्या हिंगोलीचा हिरा. अरे, हिरो मी होतो! राखणदार होता तो! लोक हात लाल होईस्तोवर टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होतो, तळव्यावर तीन बोटं, आवाज होणार नाही अशी. खिशात एक हळकुंड होतं, ते कायमच असायचं. भाषणं चालू असताना ते कधी बाहेर काढलं आणि कधी कानाशी नेऊन मोडलं हे माझं मलाच कळलं नाही. शेजारच्यानं वळून बघितलं. मी अंगठा विजारीला पुसला आणि छताच्या पंख्याकडं बघत बसलो. पोटात नुसती आग पडली होती. उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं.

कार्यक्रम संपला तसा तो फेट्यासकट खाली आला, थेट माझ्याकडं. वाकून पायाला हात लावला. म्हणाला, "भाऊ, बरं वाटलं का?" मी म्हणालो, "तुझी गाडी कितीला हाय?"

तो माझ्याकडं बघत राहिला. हात कानाकडं गेला होता त्याचा.

पुढची काही वर्षं गावात असला की तो मोंढ्यात यायचा. हर्राशी चालू असताना माझ्याशेजारी हळदीच्या कट्ट्यावर, म्हणजे भरल्या पोत्यावर, बसून राहायचा. मी विचारायचो, काहून आलास? तर म्हणायचा, काही न्हाई, तुमी बोला. मला वाटायचं, मिरवायला येतो. खरेदीदार बोली सोडून त्याच्यासोबत फोटो काढत बसायचे. एकदा मी सगळ्यांदेखत त्याला झापलं, की इथं शूटिंग नाही, पोटाचा धंदा आहे, खोळंबा करू नकोस. तो हसला, सरकून ढिगाच्या मागं बसला आणि तिथून बघत राहिला.

आणि मग तो सिनेमा आला, ज्यासाठी त्याला मोठं बक्षीस मिळालं. घरी टीव्हीवर लागला होता. मी, बायको आणि सून. गोष्ट दोन भावांची. धाकटा गाणारा होऊन नाव काढतो, थोरला मोंढ्यातच राहतो. थोरल्याचं काम कंट्रोलरचं. शेवटी गावात धाकट्याचा सत्कार असतो आणि थोरला पहिल्या रांगेत बसलेला असतो.

थोरला टाळ्या वाजवायला लागला. तळव्यावर तीन बोटं.

माझ्या हातातला चहा तसाच राहिला. पडद्यावरच्या माणसानं खिशातून हळकुंड काढलं, एक डोळा मिटला, कानाशी नेलं. कट्ट. अंगठा मागं विजारीला पुसला. पंख्याकडं बघितलं. बायकोनं आधी टीव्हीकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि तोंडाला पदर लावला. धाकटा भाऊ फेटा बांधून खाली येतो, वाकतो, आणि थोरला घोगऱ्या आवाजात विचारतो, "तुझी गाडी कितीला हाय?" तिथं सिनेमा संपतो. सुनेच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती म्हणाली, "बाबा, काय काम केलंय हो!"

मला काय झालं ते सांगतो. आधी अंगावर काटा आला. मग लाज वाटली, भर बाजारात धोतर सुटल्यावर वाटावी तशी. म्हणजे याला सगळं कळलं होतं. त्या दिवशीच कळलं होतं! आणि मग आला राग. माझी भूमिका गेली, माझा रेडिओ गेला, माझं कोपर तेवढं उरलं. माझ्यापाशी माझं म्हणावं असं एक जळणं होतं, तेही यानंच नेलं आणि त्यावरही टाळ्या घेतल्या.

सकाळी मी फोन लावला. तो पुण्याला होता.

"काय रे, माझं सोंग काढलंस?"

तो म्हणाला, "सोंग न्हाई, भाऊ. डायरेक्टरनं मला सांगितलं होतं, या थोरल्याच्या पोटात आग पडली हाय, पन हा उठून जात न्हाई. मला दुसरं कोनाचं तोंडच आठवंना. त्या दिवशी हॉलात समदे हसून राहिले होते. खरं तोंड तुमचं एकट्याचं होतं. अन् तरी तुमी आले. पयल्या रांगेत बसले, शेवटपर्यंत बसले."

मी म्हणालो, "मला लई राग आलाय."

"यायलाच पायजे. तुमी बोला. मी ऐकून राहिलो."

मग मी बोललो. कंदिलापासून सुरुवात केली. राखणदार, परभणीचं ते दार, सडके गड्डे, करपलेल्या भाकरी, जाकिटाचे शिलाईसकट पैसे, कोपर. शिव्याही दिल्या. फोन तापून कानाला चटका बसायला लागला तसा दुसऱ्या कानाला लावला. तो मधे एकदाही बोलला नाही, पण आहे हे कळत होतं. माझं सगळं संपलं तेव्हा हळूच म्हणाला, "भाऊ, ते गाडीचं वाक्य लिहिलेलं नव्हतं. मी घातलं. ते म्हणाले, हे काय वाक्य हाय का? मी म्हणालो, राहू द्या, याच्यावानी दुसरं सापडायचं न्हाई."

खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मी पोटभर जेवलो. जळणं गेलं नव्हतं, पण ते कुणाला तरी माहीत आहे म्हणताना जरा हलकं झालं होतं. पुढच्या वेळी तो मोंढ्यात आला तेव्हा मी स्वतः कट्टा झटकून दिला आणि म्हणालो, बस, काय न्यायचं ते ने.

गेल्या थंडीत तो गेला. झोपेतच, कुणाला तकलीफ न देता. त्याच्या घरापासून बसस्टँडपर्यंत माणसं उभी होती, आणि कंडक्टर रडत होते. मी जाईन तेव्हा चार माणसं जमवताना पोराची धावपळ होईल, हा विचार त्या वेळीही माझ्या मनात आलाच. येणारच. सवय आहे.

शोकसभा सत्काराच्याच हॉलमध्ये. टेबलावर त्याचा फोटो. कुणीतरी नेमका तोच फोटो निवडलेला, मान कलती, बोटं कानाच्या पाळीवर. नाटकमंडळ आता तरण्या पोरांनी चालवलंय. त्यांनी मला बोलायला बोलावलं. मी उठलो, पुढं गेलो, समोर ही गर्दी. फोटोकडं बघितलं आणि माझा आवाज गेला. मोंढा दणाणून सोडणारा आवाज, कुठं गेला कळेना. काय करावं सुचेना तेव्हा हात खिशात गेला. हळकुंड निघालं. एक डोळा आपोआप मिटला. कानाशी नेलं आणि मोडलं. अंगठा मागं पुसला.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. शोकसभेत टाळ्या! माणसं रडतायत आणि टाळ्या वाजवतायत. मी तसाच खाली आलो. मंडळाचा पोरगा माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "काका, हुबेहूब! घडीभर वाटलं कंट्रोलरसाहेबच उभे हायत. तुमी त्यांच्याकडून शिकले का?"

तोंडावर आलं होतं, गाढवा, हे माझं आहे. फोटोकडं बघितलं. तो ऐकत होता. मी म्हणालो, "व्हय. लई वर्सं सोबत होतो."

आता दुकान पोरगा बघतो. मी सकाळी मोंढ्यात जाऊन कट्ट्यावर बसतो, शेजारचा कट्टा मोकळा ठेवून. बोली अडली की नवे खरेदीदार, अडते, हमाल, सगळे मागं लागतात. काका, कंट्रोलरचं ते करून दाखवा की. मी आधी नाही म्हणतो, थोडा भाव खातो, आणि मग उठतो. तीन बोटांच्या टाळ्या, मिटलेला डोळा, कानाशी हळकुंड, पंखा, आणि शेवटी ते गाडीचं वाक्य. सगळं करतो. लोक खूश होतात, फोटोही काढतात माझा.

पण त्याच्याइतकं जमत नाही.